गजर ‘गो ऑफ’ होतो तेव्हा नेमकं काय होतं? एका फ्रेझल व्हर्बची उकल

वर्गात एकदा मी फळ्यावर एक साधी सूचना लिहिली. ‘व्हेन द फायर अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग ॲट वन्स.’ हिचा मराठीत अर्थ लिहा, एवढंच काम होतं. वर्गात जिचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं, तिनं लिहिलं, ‘आगीचा भोंगा बंद झाला की ताबडतोब इमारत सोडा.’

‘ऑफ’ म्हणजे बंद, हे ती कळायला लागल्यापासून बटणांवर वाचत आली होती. ‘गो’ म्हणजे जाणं, तेही ठाऊक. दोन्ही अर्थ तिनं नीट जोडले आणि हाती नेमका उलटा अर्थ आला. सूचना अशी वाचणारा माणूस भोंगा कोकलत असेपर्यंत धुरात बसून राहील. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण ‘गो ऑफ’चे सात अर्थ तिला मीच पाठ करायला दिले होते. ऐन वेळी त्यातला कोणता उचलायचा, ते मात्र शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी यादी देत नाही. वाक्य समोर आलं की कोणते प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे, ते सांगते. तोच क्रम इथे मांडते आहे. एकदा तो हाताशी आला की ‘गो ऑफ’चा न पाहिलेला वापरसुद्धा तुम्हाला बराचसा लागेल.

घाबरण्याआधी आपली मराठी आठवा

क्रियापदानंतर एक छोटा शब्द लावून अर्थ पार बदलून टाकायचा, ही इंग्रजीची रीत (अशा जोडीलाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात) परक्यांना जड जाते, हे इंग्रजांनाही पूर्वीपासून माहीत आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत तसं लिहून ठेवलं आहे. तेव्हा अडखळणारे आपण पहिले नाही.

शिवाय आपण स्वतः काही कमी करत नाही. वीज जाते, तोल जातो, कपड्याचा रंग जातो, आवाज जातो. ‘ते काल रात्री गेले’ असं कुणी हळू आवाजात सांगितलं तर ‘कुठे?’ असं आपण विचारत नाही. कर्ता कोण, सांगणाऱ्याचा सूर काय, यावरून ‘जाणं’ म्हणजे काय ते आपल्याला आपोआप कळतं. ‘गो ऑफ’ वाचताना हीच सवय वापरायची आहे. ती इंग्रजीत आपोआप होत नाही, म्हणून सुरुवातीला जाणीवपूर्वक करायची.

‘ऑफ’ म्हणजे मुळात काय

‘ऑफ’ म्हणजे बंद, हा अर्थ पुढे आलेला आहे. जुन्या इंग्रजीत ‘ऑफ’ आणि ‘चा-ची-चे’ या अर्थाचा ‘ऑव्ह’ हे दोन शब्द नव्हतेच, एकच होता. जोर देऊन उच्चारलं जाणारं रूप हळूहळू ‘ऑफ’ म्हणून वेगळं पडत गेलं आणि साधारण १६०० नंतर दोघांची लेखनं कायमची वेगळी झाली. त्या मूळ शब्दाचा अर्थ होता ‘-पासून’, ‘-पासून दूर’.

याच शब्दाचा एक भाऊ आपल्या घरात आहे. संस्कृतातला ‘अप’ हा उपसर्ग आणि इंग्रजी ‘ऑफ’ एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत. (‘मेक अप’मधला ‘अप’ वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) आपला ‘अप’ काय करतो पाहा. अपहरण म्हणजे दूर नेणं. अपभ्रंश म्हणजे मूळ रूपापासून ढळणं. आणि अपकीर्ती, अपशब्द, अपकृत्य यांत तोच ‘अप’ ‘वाईट’ हा अर्थ घेऊन येतो. दूर जाणं, ढळणं, बिघडणं: एकाच उपसर्गात तिन्ही आहेत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा दूध ‘गो ऑफ’ का होतं, याचं कोडं एका क्षणात सुटलं. चांगल्या स्थितीपासून ते ढळतं, म्हणून.

बटणावरचा ‘ऑफ’सुद्धा असाच. विजेची जोडणी तुटते, यंत्र प्रवाहापासून वेगळं होतं. ‘बंद’ हा त्याचा परिणाम.

म्हणून ‘गो ऑफ’ दिसलं की मनात धरायचा प्रश्न हा: कोण कशापासून सुटलं? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच प्रश्नाच्या फांद्या आहेत.

पहिली पायरी: क्षणभर आधी ती वस्तू काय करत होती?

इथे जरा रेंगाळू या, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

कर्ता एखादी वस्तू असेल तर स्वतःला विचारा, की ‘गो ऑफ’ होण्याच्या क्षणभर आधी ती गप्प बसून वाट पाहत होती की चालू होती? गप्प असेल तर ‘गो ऑफ’ म्हणजे ती सुरू झाली: वाजली, उडाली, फुटली. चालू असेल तर ‘गो ऑफ’ म्हणजे ती बंद पडली.

किल्लीचं गजराचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. मागे दोन किल्ल्या असतात, एक वेळेची आणि एक गजराची. गजराच्या किल्लीला पीळ दिला की आतल्या स्प्रिंगमध्ये जोर साठतो. तो लगेच बाहेर पडत नाही, कारण छोट्या हातोडीला एका खटक्यानं अडवून धरलेलं असतं. रात्रभर ती तशीच अडकून असते. लावलेली वेळ झाली की खटका सरकतो, हातोडी सुटते, स्प्रिंग उलगडू लागते आणि घंटा थडथडायला लागते. ‘द अलार्म वेंट ऑफ’ या वाक्यात मला नेहमी ती हातोडी दिसते. अडकून होती, ती सुटली.

बंदुकीचंही तेच. घोडा मागे ओढून अडकवलेला असतो, चाप दाबला की तो सुटतो. आपणही म्हणतो, ‘गोळी सुटली’, ‘बार उडाला’. ‘द गन वेंट ऑफ’चं याहून चांगलं मराठी कोणतं? ‘सुटणं’ हे क्रियापद मनात ठेवलंत तर या कुळातली सगळी वाक्यं सरळ होतील. ‘द बॉम्ब वेंट ऑफ’, बॉम्ब फुटला. ‘द फायरक्रॅकर्स वेंट ऑफ’, फटाके उडाले. ‘द एअरबॅग वेंट ऑफ’, धडक बसताच गाडीतली एअरबॅग फुलली. ‘द टायमर वेंट ऑफ’, टायमर वाजला. दरवेळी काहीतरी दडपून, अडवून, साठवून ठेवलेलं होतं आणि ते सुटलं.

(बंदुकीवरून आलेला एक वाक्प्रचारही इथेच सांगून टाकते. ‘गो ऑफ हाफ-कॉक्ड.’ घोडा अर्धाच ओढलेला असताना बार होता कामा नये. तो झाला तर नेम धरायच्या आधीच झाला. त्यावरून, पुरती तयारी नसताना घाईनं काही बोलून किंवा करून बसणं.)

आता दुसरा गट. दिवा, हीटर, स्क्रीन, वीज. ही मंडळी चालू असतात, काम करत असतात. ‘द लाइट्स वेंट ऑफ’, दिवे गेले. ‘द हीटिंग गोज ऑफ ॲट टेन’, दहा वाजता हीटर बंद होतो. इथे सुटते ती प्रवाहाची जोडणी.

दोन प्रकाश शेजारी ठेवा म्हणजे फरक कायमचा ठसेल.

‘द लाइट वेंट ऑफ.’ दिवा गेला, अंधार झाला.
‘द फ्लॅश वेंट ऑफ.’ कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला, लख्ख उजेड झाला.

क्रियापद तेच, काळ तोच, कर्ता दोन्हीकडे प्रकाशच. तरी एकीकडे अंधार आणि एकीकडे उजेड. दिवा आधी चालू होता. फ्लॅश आधी गप्प होता, वीज साठवून बसला होता. एवढ्या एका गोष्टीनं अर्थ पालटला.

मग दोन्ही करू शकणारी वस्तू आली तर? गजर असलेला रेडिओ घ्या. ‘द रेडिओ वेंट ऑफ ॲट सिक्स’ हे वाक्य एकटं दिलं तर इंग्रज माणूससुद्धा पुढचं वाक्य मागेल. पुढे ‘अँड आय वोक अप’ असेल तर रेडिओ वाजला. ‘अँड द रूम वॉज सायलेंट’ असेल तर बंद पडला. अशा जागी संदर्भाशिवाय अर्थ ठरवायची घाई करू नये. आणि लिहिणारे तुम्ही असाल तर असं वाक्य टाळाच. ‘केम ऑन’ किंवा ‘स्टॉप्ड’ लिहा, शंका उरणार नाही.

या पायरीवर आणखी दोन बारकावे आहेत.

मेणबत्ती, शेकोटी, काडी यांना ‘गो ऑफ’ चालत नाही. ज्योत विझते तेव्हा ‘गो आउट’. विजेच्या दिव्याला मात्र ‘गो ऑफ’ आणि ‘गो आउट’ दोन्ही चालतात. मराठीत ज्योत ‘विझते’ आणि वीज ‘जाते’, जवळपास तीच वाटणी.

दुसरं म्हणजे वाजणारी प्रत्येक वस्तू ‘गो ऑफ’ होत नाही. दारावरची घंटा कुणीतरी वाजवतं, तिला ‘रँग’. फोनलाही एरवी ‘रँग’. पण सगळे शांत बसलेले असताना मध्येच कुणाचा फोन किंचाळला, तर ‘हिज फोन वेंट ऑफ ड्युरिंग द मीटिंग’. या ‘वेंट ऑफ’मध्ये अनपेक्षित दणका आहे. ‘फोन आला’ आणि ‘फोन खणखणला’ यांत आपण जो फरक करतो, तसाच.

दुसरी पायरी: कर्ता खाण्यापिण्याची वस्तू आहे का?

असेल तर प्रश्न संपला. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, दूध नासलं. ‘धिस फिश हॅज गॉन ऑफ’, ही मासळी खराब झाली आहे.

मात्र मराठीत आणताना इथे सुस्ती करू नका. इंग्रजीत एका ‘गो ऑफ’वर भागतं, आपल्याकडे प्रत्येक बिघाडाला स्वतंत्र नाव आहे. दूध नासतं, शिजवलेलं अन्न विटतं किंवा आंबतं, तेल खवट होतं, फळ सडतं. ‘खराब झालं’ असं सरसकट लिहिलेलं भाषांतर चूक नसतं, पण मला ते नेहमी अळणी वाटतं. वस्तू पाहून क्रियापद निवडावं.

उलट दिशेनं जातानाही जपायला हवं. शिळ्या, वाळलेल्या पावाला ‘गो स्टेल’ म्हणतात. बुरशी आली तर ‘गो मोल्डी’. ‘गो ऑफ’ मुख्यतः दूध, साय, मांस, मासळी, अंडी यांच्यासाठी, म्हणजे ज्यांचा बिघाड वासावरून कळतो त्यांच्यासाठी. लिंबू पिळून मुद्दाम फाडलेलं दूध ‘गॉन ऑफ’ नसतं, ते ‘कर्डल्ड’. कुणी तुमच्या हातचं असं दूध ‘गॉन ऑफ’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘टाकून दे’ असा होतो.

हा वापर ब्रिटिश इंग्रजीचा आहे. अमेरिकन माणूस बहुधा ‘द मिल्क हॅज गॉन बॅड’ किंवा ‘स्पॉइल्ड’ म्हणेल. अमेरिकन वाचकासाठी लिहीत असाल तर तेच वापरा.

तिसरी पायरी: ‘ऑफ’च्या लगेच पुढे नाम आहे का?

आता नजर कर्त्यावरून काढून ‘ऑफ’च्या उजवीकडे न्या. तिथे पूर्णविराम असेल, किंवा वेळ, जागा सांगणारे शब्द असतील, तर वरच्या दोन पायऱ्या पुरेशा आहेत. पण थेट एखादं नाम किंवा सर्वनाम चिकटून आलं, तर रस्ता बदलतो.

‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी.’
‘शी वेंट ऑफ हिम आफ्टर अ फ्यू वीक्स.’

पहिल्याचा अर्थ ‘कॉफीवरची माझी वासना उडाली’. दुसऱ्याचा, ‘काही आठवड्यांत तिचं त्याच्यावरून मन उडालं’. हे ‘मन उडणं’ इतकं चपखल बसतं की मी दुसरं भाषांतर शोधतच नाही. आवड ज्या वस्तूवर बसली होती, तिच्यावरून ती उडाली. कोण कशापासून सुटलं, या प्रश्नाचं उत्तर इथे वाक्यातच लिहिलेलं आहे.

एक अट ध्यानात ठेवा: आधी आवड असली पाहिजे. कॉफी कधीच आवडली नसेल तर ‘गॉन ऑफ’ म्हणता येत नाही, साधं ‘आय डोन्ट लाइक कॉफी’ म्हणायचं. हाही वापर मुख्यतः ब्रिटिश.

व्याकरणाचा एक नियम इथे पक्का करून घ्या. ‘स्विच ऑफ’मध्ये सर्वनाम मध्ये घालतात: ‘स्विच इट ऑफ’. ती सवय लागलेले विद्यार्थी ‘आय हॅव गॉन इट ऑफ’ लिहितात. ते कधीही चालत नाही. ‘गो’ला कर्म लागतच नाही, म्हणून मध्ये ठेवायला काही नसतं. इथलं ‘ऑफ’ हे पुढच्या नामाला बांधलेलं शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून नाम किंवा सर्वनाम नेहमी त्याच्या पुढेच: ‘आय हॅव गॉन ऑफ इट’.

‘ऑफ’च्या पुढे नाम येणारे आणखी काही ठरावीक वापर आहेत, ते झटपट पाहून घेऊ. ‘गो ऑफ ड्यूटी’, कामाची पाळी संपवून मोकळं होणं. ‘गो ऑफ एअर’, प्रक्षेपण थांबणं. ‘गो ऑफ द रेल्स’, रूळ सोडणं, म्हणजे माणसाचं वागणं बहकणं. तिन्हींत काय सुटलं, ते नामच सांगतं.

अलीकडे बोलण्यात खूप ऐकू येणारा एक वापर जरा वेगळा आहे. ‘आय ॲम ओन्ली गोइंग ऑफ व्हॉट ही टोल्ड मी.’ इथे ना आवड उडाली, ना काही बिघडलं. अर्थ असा, की ‘त्यानं मला जे सांगितलं, त्यावरूनच मी बोलतोय’. मराठीतलं ‘-वरून’ आणि हे ‘ऑफ’ दोन्ही ‘तिथून निघून’ हाच अर्थ देतात. तरीही ‘आवड उडणं’ आणि ‘-च्या आधारानं बोलणं’ यांची गल्लत होऊ शकते. ‘गोइंग ऑफ’च्या पुढे माहिती, अंदाज, आठवण, आकडे असं काही आलं तर ‘-वरून’ लावून पाहा.

चौथी पायरी: कर्ता माणूस आहे आणि पुढे नाम नाही

मग बहुतेक वेळा तो निघून गेला आहे. ‘ही वेंट ऑफ विदाउट अ वर्ड’, एक शब्द न बोलता तो निघून गेला. नुसत्या ‘वेंट’मध्ये गेल्याची नोंद आहे. ‘वेंट ऑफ’मध्ये मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरलेली दिसते.

इथे ‘ऑफ’नंतर येणारा छोटा शब्द दिशा ठरवतो, म्हणून तो गिळू नका. ‘गो ऑफ टु’, एखाद्या ठिकाणी किंवा कामाला निघून जाणं. ‘गो ऑफ विथ’ला दोन वाटा आहेत. पुढे वस्तू असेल तर ‘न विचारता घेऊन जाणं’: ‘समवन वेंट ऑफ विथ माय अंब्रेला’, कुणीतरी माझी छत्री घेऊन गेलं. पुढे माणूस असेल तर बहुधा ‘आपलं माणूस सोडून त्याच्याबरोबर निघून जाणं’. दुसरा अर्थ एखाद्याच्या संसाराबद्दल असतो, म्हणून बोलताना हा शब्दप्रयोग सहज फेकू नये.

‘गो ऑफ ऑन अ टँजंट’ म्हणजे बोलता बोलता मूळ मुद्दा सोडून भलतीकडे वळणं. टँजंट म्हणजे भूमितीतली स्पर्शिका, ती वर्तुळाला एका बिंदूत शिवते आणि सरळ दूर निघून जाते. ज्यानं कुणी ही उपमा पहिल्यांदा वापरली, त्याच्या डोळ्यांसमोर चित्र अगदी स्वच्छ असणार.

अमेरिकन बोलीत ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ म्हणजे तो माझ्यावर भडकला, तोंडाला येईल ते बोलला. माणूस इथे बंदुकीसारखा झाला आहे: दाबून धरलेला राग सुटला. पहिल्या पायरीचीच ही आठवण. ब्रिटिश बोलीत याच अर्थानं ‘गो ऑफ ऑन वन’ ऐकू येतं.

आणि एक शांत वापर. ‘द बेबी हॅज गॉन ऑफ टु स्लीप’, बाळाला झोप लागली. जागेपणापासून सुटका.

पाचवी पायरी: कर्ता कार्यक्रम असेल तर

‘द मीटिंग वेंट ऑफ वेल.’ सभा नीट पार पडली. इथे ‘वेल’, ‘स्मूदली’, ‘विदाउट अ हिच’ असं काहीतरी सोबत असतं. ते सोबतचे शब्द हीच या अर्थाची खूण.

आता याच्या शेजारी ठेवा: ‘द मीटिंग इज ऑफ.’ सभा रद्द झाली.

हे दोन्ही एकाच दिवशी एकाच फळ्यावर लिहावेत असं मला वाटतं, कारण पुष्कळ जण इथे फसतात. ‘इज ऑफ’ आणि ‘वेंट ऑफ’ सगळीकडे एकाच घरचे नाहीत. दुधाच्या बाबतीत ते जुळतात: दूध ‘गो ऑफ’ झालं की ते ‘ऑफ’ असतं. दिव्याच्या बाबतीतही जुळतात. कार्यक्रमाच्या बाबतीत मात्र उलट जातात, ‘वेंट ऑफ वेल’ म्हणजे झाला आणि ‘इज ऑफ’ म्हणजे होणार नाही. आणि गजराच्या बाबतीत तर ‘द अलार्म इज ऑफ’ म्हणजे गजर लावलेलाच नाही. तो वाजतो आहे असं म्हणायचं असेल तर ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’. कुणी ‘इज युअर अलार्म ऑफ?’ विचारलं आणि तुम्ही ‘वाजला का?’ असं समजून ‘यस’ म्हणालात, तर समोरचा समजेल, की गजर लावलेलाच नाही.

काळ बदलला की काय बदलतं

‘गो’ची रूपं सगळ्यांना पाठ असतात: गो, वेंट, गॉन. (‘वेंट’ मुळात दुसऱ्याच क्रियापदाचं, ‘वेंड’चं भूतकाळी रूप, ‘गो’नं ते कायमचं आपलंसं केलं.) अडचण ‘गोइंग ऑफ’मध्ये येते.

‘द मिल्क इज गोइंग ऑफ’ म्हणजे दूध नासायला लागलं आहे, अजून पुरतं नासलेलं नाही. बिघाड हळूहळू होणारा, म्हणून ‘इज गोइंग’ म्हणजे वाटेवर. ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’ म्हणजे मात्र गजर या क्षणी वाजतोच आहे. सुटण्याचा क्षण होऊन गेला, आवाज चालू आहे. ‘बॉम्ब्ज वर गोइंग ऑफ’ असं अनेकवचनात आलं तर एकामागून एक फुटत होते. आणि ‘कीप्स गोइंग ऑफ’ असेल तर पुन्हा पुन्हा. पहिली पायरी इथेही सोडू नका: ‘द अलार्म कीप्स गोइंग ऑफ’, सारखा वाजतोय, ‘द लाइट्स कीप गोइंग ऑफ’, दिवे सारखे जाताहेत.

‘गो ऑफ’चा कर्मणी प्रयोग होत नाही. ‘द बॉम्ब वॉज गॉन ऑफ’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मी वारंवार पाहते. लिहिणाऱ्याला ‘बॉम्ब फोडला गेला’ म्हणायचं असतं. त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं.

जोडीदार शोधा

मराठीत आपण क्रियापदाचं पोट थोडं बदलून जोडी तयार करतो: वाजणं-वाजवणं, फुटणं-फोडणं, विझणं-विझवणं. आपोआप झालं की पहिलं, कुणी केलं की दुसरं. इंग्रजीत ‘गो ऑफ’ हे ‘आपोआप झालं’चं रूप आहे. ‘कुणी केलं’ म्हणायचं असेल तर ‘ऑफ’ तसाच राहतो आणि त्याच्या आधीचं क्रियापद बदलतं. कोणतं, ते पहिल्या पायरीतल्या गटावरून ठरतं.

गप्प बसलेल्या वस्तूंना ‘सेट ऑफ’. ‘द स्मोक सेट ऑफ द अलार्म’, धुरामुळे भोंगा वाजला. ‘दे सेट ऑफ द बॉम्ब’, त्यांनी बॉम्ब उडवला. कर्मणी हवं असेल तर ‘द बॉम्ब वॉज सेट ऑफ’. फटाक्यांना ‘सेट ऑफ’ आणि ‘लेट ऑफ’ दोन्ही. चालू वस्तूंना ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’.

आता एकाच गजराची अख्खी सकाळ पाहा. ‘आय सेट द अलार्म.’ गजर लावला. ‘द अलार्म वेंट ऑफ.’ गजर झाला. ‘आय टर्न्ड इट ऑफ.’ मी तो बंद केला. तिन्ही वाक्यं तोंडपाठ असू द्या. शेवटच्या दोघांत ‘ऑफ’ आहे, आणि एकात आवाज सुरू होतो, दुसऱ्यात थांबतो.

दुधाला असा जोडीदार नाही. ‘मी दूध नासवलं’ याला इंग्रजीत ‘ऑफ’चं रूप मिळणार नाही, ‘आय लेफ्ट द मिल्क आउट अँड इट वेंट ऑफ’ असं दोन तुकड्यांत सांगावं लागतं.

उच्चाराबद्दल थोडंसं

कानाला ‘गो ऑफ’ दोन शब्दांत ऐकू येत नाही, आणि ऐकताना गोंधळ होण्याचं अर्धं कारण तेच आहे. ‘गो’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये हलका ‘व’ येऊन ‘गोवॉफ’ होतं. ‘गोज ऑफ’चं ‘गोझॉफ’, ‘वेंट ऑफ’चं ‘वेंटॉफ’, ‘गॉन ऑफ’चं ‘गॉनॉफ’. बोलताना शब्द तोडून तोडून म्हणू नका, असेच जोडून म्हणा. तुम्ही जसं बोलाल तसंच तुम्हाला ऐकूही येऊ लागेल.

आता हातानं करून पाहा

खालची वाक्यं वाचा, प्रत्येकाला पायऱ्यांचे प्रश्न विचारा आणि अर्थ कागदावर लिहा. मगच पुढचा परिच्छेद वाचा.

‘द स्प्रिंकलर्स वेंट ऑफ अँड एव्हरीथिंग गॉट वेट.’
‘आय यूज्ड टु लव्ह क्रिकेट, बट आय हॅव गॉन ऑफ इट.’
‘द स्ट्रीटलाइट्स गो ऑफ ॲट डॉन.’
‘डोन्ट ईट दॅट मीट, इट हॅज गॉन ऑफ.’
‘द पेन विल गो ऑफ इन ॲन अवर.’

पहिल्यात छतातले पाण्याचे फवारे गप्प होते, पाणी दाबून धरलेलं होतं, म्हणजे ते सुरू झाले. ‘गॉट वेट’नं खात्री होते. दुसऱ्यात ‘ऑफ’च्या पुढे सर्वनाम आहे आणि आधीची आवड वाक्यातच सांगितली आहे, म्हणजे मन उडालं. तिसऱ्यात रस्त्यावरचे दिवे रात्रभर चालू होते, पहाटे ते बंद होतात. चौथ्यात खाण्याची वस्तू, पहिल्या झटक्यात उत्तर.

पाचवं वाक्य मी वर कुठेच समजावलेलं नाही, मुद्दाम. दुखणं हे गजरासारखं दबा धरून बसलेलं आहे, की दिव्यासारखं चालू आहे? चालू आहे. मग तासाभरात ते थांबेल, दुखायचं कमी होईल. हा ब्रिटिश वापर आहे. मी हे वाक्य त्या भोंग्याच्या सूचनेनंतर काही दिवसांनी त्याच मुलीला दिलं होतं. तिनं आधी वहीच्या समासात लिहिलं, ‘आधी चालू होतं’, आणि मग शेजारी उत्तर: ‘तासाभरात दुखणं थांबेल.’